शाळकरी वयातली उमेदवारी

शहरातल्या आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना शाळेबाहेर दोन प्रकारचे काम करता येते. एक उमेदवारीचे, म्हणजे हल्ली ज्याला सर्रास इंटर्नशिप म्हणतात ते. प्रयोगशाळा, वर्तमानपत्र, ग्रंथालय, कारखाना, वकिलाचे कार्यालय अशा ठिकाणी जाणत्या माणसाच्या हाताखाली काही दिवस राहून तिथले काम शिकायचे. दुसरे स्वयंसेवेचे, म्हणजे मोबदला न घेता कुणाच्या तरी गरजेला उपयोगी पडायचे. उमेदवारीत विद्यार्थी घेणारा असतो, स्वयंसेवेत देणारा. म्हणून दोहोंची कसोटीही वेगळी आहे. शिकवायला कुणी वेळच काढत नसेल तर उमेदवारी झेरॉक्स काढून आणण्यापुरती उरते, आणि ज्याच्यासाठी काम करायचे त्याला त्याची गरजच नसेल तर स्वयंसेवा छायाचित्रापुरती. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा कामांचा तुटवडा नाही. दुखणे आहे ते त्यांच्या वाटपात. संधी ओळखीने मिळते, आणि ओळख सगळ्या घरांत सारखी नसते. हे अंतर बुजवणारी एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा.

कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभव आणि समाजसेवा यांना शालेय शिक्षणात स्थान दिले. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवले. शहरी शाळांच्या वेळापत्रकात यातली तासिका टिकली, पण बऱ्याच ठिकाणी ती कागदी फुले आणि शोभेच्या वस्तूंवर येऊन थांबली. समाज वर्गाबाहेरच राहिला. गावांकडे चित्र थोडे वेगळे दिसते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन करतात आणि गावाला लागणारी कामे करून देतात. शहराला असा नमुना अजून बसवता आलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम शिकावे अशी अपेक्षा आहे. बारावीपर्यंत, सुट्टीतही, अशी सोय करता येईल असे धोरण म्हणते. तरी प्रत्यक्षात नववीपासून परीक्षा सगळा वेळ गिळते, आणि जबाबदारीचे काम पेलण्याचे वय नेमके तेच असते.

उमेदवारी कशी असावी याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक-संचालक असलेल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत 1990 च्या दशकात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाबरोबर एक प्रकल्प करायचा, अशी त्याची आखणी. ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. काय शोधायचे ते मार्गदर्शक आणि मुले मिळून ठरवतात. मुलांची नावे शाळांनी कळवायची असतात. आखणीत दोन गोष्टी अचूक साधल्या आहेत. संशोधक आपला पूर्ण आठवडा देतो, आणि आत येण्याचा रस्ता पालकांच्या परिचयातून न जाता शाळेतून जातो.

दुसरा मुद्दा किती मोलाचा आहे हे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या चरित्रावरून कळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाळकरी सलीमने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग त्याला वेगळा वाटला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या ओळखीने तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मानद चिटणीस मिलार्ड यांच्यापुढे उभा राहिला. मिलार्डनी पक्षी ओळखून दिला, कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. सलीम अलींची पक्षिशास्त्राकडची वाट त्या भेटीतून निघाली. मामांची सोसायटीत ओळख नसती तर? त्या काळातही तसा मामा फार थोड्या मुलांना होता.

स्वयंसेवेच्या कामांत शाळकरी मुलांवाचून जे अडते असे एक काम आहे, ते लेखनिकाचे. दृष्टिहीन किंवा लिहू न शकणारा विद्यार्थी उत्तर तोंडी सांगतो आणि लेखनिक ते उतरवतो. लेखनिक परीक्षार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या परीक्षार्थ्याला म्हणून नववीतलाच किंवा त्याहून लहान साथीदार हवा. इथे मोठ्या माणसाची कितीही इच्छा असली तरी उपयोग नाही. काम वाटते तितके सोपे नसते. सांगितलेले चुकीचे असले तरी तसेच लिहायचे, स्वतःहून एक शब्दही सुधारायचा नाही, आकृती शब्दशः ऐकून काढायची, प्रश्न सावकाश आणि स्पष्ट वाचायचे, हवा तितक्या वेळा पुन्हा वाचायचे. परीक्षार्थ्याला तासाला 20 मिनिटे जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. तेवढा वेळ लक्ष ढळू द्यायचे नाही. ऐन परीक्षेच्या तोंडावर लेखनिक शोधत फिरण्याची वेळ दृष्टिहीन मुलांच्या पालकांवर येते, ही शहरातल्या शाळांना शोभणारी गोष्ट नाही. प्रत्येक शाळेने आठवी-नववीतल्या चांगले अक्षर आणि स्थिर चित्त असलेल्या मुलांची यादी दिवाळीपूर्वी तयार करावी, त्यांना सरावाचे दोन पेपर द्यावेत आणि ती यादी जवळच्या अंधशाळेकडे पाठवावी. याला पैसा लागत नाही.

सातत्य हा स्वयंसेवेचा प्राण. ऑक्टोबर 2015 पासून अफरोज शाह यांनी वर्सोव्याचा किनारा आठवड्यामागून आठवडे साफ केला म्हणून त्याचे रूप पालटले. एका रविवारची सहल तेवढे करू शकत नाही. अकरावी-बारावीत राष्ट्रीय सेवा योजनेची दोन वर्षांत 240 तासांची चौकट याच कारणासाठी उपयुक्त आहे. साहित्याची ओढ असलेल्या मुलांना मराठी विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात जुन्या ग्रंथांच्या पानांचे मुद्रितशोधन करता येते. ते घरबसल्या होते आणि भाषेवर हात बसतो.

या संधींतली विषमता फार उघडी आहे. आंतरराष्ट्रीय आयबी पदविकेत सर्जन, कृती आणि सेवा यांचा वाटा सक्तीचा असतो, त्यामुळे त्या शाळांत संस्था शोधणारे, नोंदी ठेवणारे शिक्षक नेमलेले असतात. अनुदानित मराठी शाळेत हे काम कुणाचेच नसते. रात्रशाळेतला विद्यार्थी तर दिवसभर दुकानात, कॅन्टीनमध्ये, कुरिअरच्या फेऱ्यांत राबून वर्गात येतो. हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणे, वेळेचे भान हे सारे तो कमावून आलेला असतो, आणि शाळेच्या दप्तरी त्याची एक ओळही नसते. त्याच्यापुढे आणखी स्वयंसेवेची अपेक्षा ठेवणे अन्याय्य आहे. त्याच्या कामाचीच नोंद अनुभव म्हणून व्हायला हवी.

कायद्याची मर्यादा नीट लक्षात ठेवली पाहिजे. बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे; शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करण्याची सवलत आहे. 14 ते 18 वयोगटाला खाणी, स्फोटके आणि इतर धोक्याचे उद्योग वर्ज्य आहेत. एखाद्या पगारी माणसाच्या जागी विद्यार्थी फुकट वापरला जात असेल तर ती उमेदवारी राहत नाही. पालकांची लेखी संमती, ठरलेले तास, एका जबाबदार व्यक्तीचे नाव आणि मुलांना एकट्याने कुणाच्या घरी न पाठवण्याचा नियम, एवढे तरी आधी हवे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याची माहिती मुले घेणाऱ्या संस्थेलाही असली पाहिजे.

वेळेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत काही महिने मोकळे असतात. आज त्यांवर प्रवेशपरीक्षांच्या क्लासेसनी हक्क सांगितला आहे. त्यातले तीन आठवडे जरी मागून घेतले तरी पुष्कळ होईल. अडचण येते ती दहावीनंतर मूल कुठल्याच शाळेचे राहत नाही याची; म्हणून सोडणाऱ्या शाळेनेच फेब्रुवारीत जागा ठरवून द्याव्यात. प्रवासखर्च हा दुसरा अडसर. विद्यार्थ्यांचा सवलतीचा रेल्वे पास घर ते शाळा एवढ्याच अंतराचा असतो. मानखुर्दच्या मुलीला फोर्टमधल्या ग्रंथालयात पाठवायचे तर तिकिटाचे पैसे माजी विद्यार्थी संघाने किंवा संस्थेने द्यावेत.

हे सगळे जमवण्यासाठी शाळेत एका शिक्षकाच्या आठवड्याच्या दोन तासिका कमी करून त्याला हे काम सोपवावे लागेल. वरून लादलेले जादा काम म्हणून ते टिकणार नाही. त्याने परिसरातल्या संस्थांची वही ठेवावी आणि प्रत्येक ठिकाणी मुलांआधी स्वतः जाऊन यावे. जागा कमी आणि इच्छुक जास्त असतील तर गुणांवर निवड करू नये. ज्याच्या घरी अशी ओळख नाही त्याला आधी पाठवावे. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर गौरवाची विशेषणे नकोत. काय काम केले, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली, एवढेच असावे आणि त्याची प्रत शाळेच्या दप्तरी राहावी.