शेजारच्या मंदिरांतील रविवार
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, देवळाची बांधणी, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे उपकार यांविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. चालक मंडळींनीं मला नेमून दिलेला विषय थोडा निराळा आहे. आपल्या देवळाच्या भिंतींबाहेर, पण ख्रिस्ताचेंच नांव घेणाऱ्या इतर मंदिरांत रविवारची उपासना कशी चालते, हें मी थोडक्यांत सांगावें अशी त्यांची आज्ञा आहे.

हा विषय आजच कां, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, तो आतां आपल्या घरांत येऊन बसला आहे. पूर्वीं वसईच्या माणसाचा बाप्तिस्मा, लग्न व अंत्यविधि हीं तिन्ही बहुधा एकाच घंटेच्या आवाजांत होत असत. आज आपलीं मुलें पुण्यास, बंगळुरास, दुबईस व त्याहूनही दूर जातात. कोणाचा शेजारी सिरियन ख्रिस्ती असतो. कोणाची सून मराठी प्रॉटेस्टंट घराण्यांतून येते. कोणाचा पुतण्या भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीकडे ओढला जातो. अशा वेळीं घरांतील वडील माणसें एक तर संतापतात, नाहीं तर ‘सगळें सारखेंच’ म्हणून हात झटकून मोकळीं होतात. माझ्या मतें हीं दोन्ही उत्तरें अज्ञानाच्याच पोटीं जन्मतात. म्हणून आधीं वस्तुस्थिति पाहूं, व मग आपलें कर्तव्य ठरवूं.

तुलना करावयाची तर हातीं एखादें माप असावें लागतें. तें सुदैवानें फार जुनें सांपडतें. इसवी सन १५५ च्या सुमारास रोम शहरांत जस्टिन नांवाचा एक ख्रिस्ती तत्त्ववेत्ता राहत असे. पुढें तो श्रद्धेकरितां हुतात्मा झाला. ख्रिस्ती लोकांवर नाना प्रकारचे आरोप होत असतां त्यानें बादशहा अँटोनिनस पायस यास उद्देशून एक निवेदन लिहिलें, व रविवारीं आपले लोक एकत्र जमून काय करतात तें त्यांत उघड सांगितलें. त्याचा सारांश असा : शहरांतील व खेड्यांतील सर्वजण एका ठिकाणीं जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितका वाचतात, अध्यक्ष उपदेश करतो, मग सर्व उभे राहून प्रार्थना करतात, भाकर, द्राक्षारस व पाणी आणिलें जातें, अध्यक्ष उपकारस्तुति करतो व लोक ‘आमेन’ म्हणतात, तो प्रसाद सर्वांस वांटला जातो व गैरहजर असणाऱ्यांकडे पोंचविला जातो, आणि ज्यांस शक्य आहे ते जें दान देतात त्यांतून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान व परके यांचा सांभाळ होतो. हा क्रम आपण मनांत ठेवूं या. त्यांतील कोणता भाग कोणत्या मंडळीनें अधिक जपला, हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

प्रथम आपली मिस्सा. तिचे मुख्य भाग दोन : शब्दविधि व ख्रिस्तयाग. इ. स. १५७० मध्यें पोप पाचवे पायस यांनीं प्रसिद्ध केलेल्या मिस्साग्रंथाप्रमाणें सुमारें चारशें वर्षें ती लॅटिन भाषेंत होत असे. धर्मगुरु वेदीकडे तोंड करून हलक्या आवाजांत प्रार्थना म्हणत. लोक रोजरीचे मणी ओढीत. आणि घंटा वाजतांच सर्व देऊळ माना लववीत असे. त्या काळीं लोकांस कळत नव्हतें म्हणून त्यांची भक्ति खोटी होती, असें कोणीं समजूं नये. ज्या भक्तीनें हीं देवळें उभीं राहिलीं ती तीच होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं आपला आदेश प्रसिद्ध केला. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनीं मिस्सेची नवी रचना जाहीर केली. आणि वेदीवरील शब्द आपल्या माउलीच्या भाषेंत आपल्या कानीं पडूं लागले. रविवारच्या वाचनांचें तीन वर्षांचें चक्र तेव्हांपासूनचें आहे. तें घराघरांत मुरावयाचें अद्याप बाकी आहे.

आतां पूर्वेकडे वळूं. ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स मंदिरांत बहुधा संत योहान क्रिसोस्तम यांच्या नांवानें चालत आलेला विधि होतो. वेदी व लोक यांच्यामध्यें संतांच्या चित्रांची एक उंच भिंत असते. तिचीं दारें उघडतात, मिटतात, आणि त्या उघडझापींतूनच रहस्याचा बोध होतो. वाद्य सहसा नसतें. केवळ मानवी कंठ. ‘प्रभो, दया कर’ ही आळवणी इतक्या वेळां येते कीं, नवख्या माणसास ती कंटाळवाणी वाटावी व मुरलेल्यास तोच श्वास व्हावा. पुष्कळ ठिकाणीं लोक तासन्‌तास उभे असतात. प्रसादाची भाकर खमीर घातलेली असते. ती पवित्र द्राक्षारसांत घालून चमच्यानें दिली जाते, व तान्ह्या बालकांसही मिळते. इथिओपियांतील मंदिरांत लोक पादत्राणें बाहेर काढून शिरतात, व सणासुदीस तेथें ढोल वाजतात. या देशांतील माणसास या दोन्ही गोष्टी परक्या वाटूं नयेत.

पूर्वेची ही परंपरा पाहण्याकरितां दूर जाण्याचेंही कारण नाहीं. केरळांतील सिरो-मलबार ख्रिस्ती लोक आपल्याप्रमाणेंच पोपमहाशयांच्या अधिकाराखालीं असलेले कॅथलिक आहेत, आणि १९८८ साली त्यांच्याकरितां कल्याण येथें स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांच्या विधीस ‘कुर्बाना’ म्हणतात. प्रेषित थोमा यांच्यापर्यंत आपली परंपरा पोंचते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांची मुख्य उपकारस्तुति आद्दाई व मारी यांच्या नांवाची असून, आज वापरांत असलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनांत तिची गणना होते. त्यांतील एक रीत मला विशेष हृदयंगम वाटते. शांतीची खूण वेदीपासून निघते व हातांतून हातांत जात शेवटल्या माणसापर्यंत पोंचते. शांति आपण निर्माण करीत नाहीं, ती आपल्याकडे चालत येते, हें तेथें लहान मुलासही डोळ्यांनीं दिसतें.

यानंतर सोळाव्या शतकांत निराळ्या झालेल्या मंडळ्या. इंग्लंडांतील मंडळीनें १५४९ साली देशी भाषेंत सार्वजनिक प्रार्थनेचा ग्रंथ काढला. त्याची १६६२ ची आवृत्ति प्रसिद्ध आहे. मुंबईच्या कोटांतील सेंट थॉमस मंदिर १७१८ साली उघडलें, तें याच परंपरेचें. तेथील प्रभुभोजनाच्या विधीस आपल्यापैकीं कोणी बसला तर त्यास बराचसा क्रम ओळखीचा वाटेल. पापांची कबुली, वाचनें, श्रद्धेचा अंगीकार, उपकारस्तुति हीं सर्व तेथें आहेत. १९७० साली नागपूर येथें अँग्लिकन व इतर मिळून सहा मंडळ्या एकत्र आल्या व ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी जन्मास आली. आपसांत फुटणें जसें शक्य असतें तसें जुळणेंही शक्य असतें, याचें हें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा पाया अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले तेव्हां घातला गेला, व पुढें अहमदनगर हें त्यांचें मोठें केंद्र झालें. त्यांच्या मंदिरांत शिरतांच दृष्टि व्यासपीठाकडे व त्यावरील पवित्र शास्त्राकडे जाते. मूर्ति नाहींत, मेणबत्त्याही थोड्या. वाचनाचा उतारा सांगतांच सर्वत्र पानांची सळसळ होते, कारण पुष्कळांजवळ स्वतःचें शास्त्र असतें. उपदेश अर्धा तास किंवा अधिक चालतो. पाळक मनाची प्रार्थना करतो, व तींत गांवांतील आजारी माणसांपासून राज्यकर्त्यांपर्यंत सर्वांची आठवण होते. प्रभुभोजन बहुधा महिन्यांतून एकदां, पुष्कळ ठिकाणीं लहान लहान पेल्यांतून. आणि गायन! १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कविवर्य नारायण वामन टिळकांनीं या मंडळीस जीं पदें व अभंग दिले, त्यांत ज्ञानोबा-तुकोबांची वाणी ख्रिस्तचरणीं वाहिलेली आहे. तबला-पेटीवर ख्रिस्ती कीर्तन करण्याची प्रथाही त्यांनीं वाढविली. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघालें होतें. तेव्हां हें धन दोन्ही घराण्यांत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

याहून साधी उपासना मुक्तिफौजेची. १८६५ साली लंडनमध्यें विल्यम बूथ यांनीं सुरूं केलेली ही संस्था १८८२ साली मुंबईस आली. तिच्या सभेंत निशाण असतें, बँड असतो, टाळ्यांच्या तालावर गाणीं असतात, व पुढें एक बाक असतें. ज्यास पश्चात्ताप झाला तो तेथें येऊन गुडघे टेकतो. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधि ते करीत नाहींत. परंतु जस्टिननें सांगितलेला शेवटचा भाग, म्हणजे दरिद्री व टाकलेल्या माणसांचा सांभाळ, त्यांनीं इतका उचलून धरला कीं, तीच त्यांची ओळख झाली. सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स यांच्यापासून निघालेले क्वेकर लोक तर, त्यांच्या मूळ रीतीप्रमाणें, निःशब्द बसतात. पाळक नाहीं, गीत नाहीं, वेदी नाहीं. कोणास आंतून प्रेरणा झाली तर तो उठून चार शब्द बोलतो व पुन्हां खालीं बसतो. कधीं कधीं सबंध तास एकही शब्द न निघतां संपतो.

उलट पेंटेकॉस्टल मंडळींत शांततेस जागा थोडी. तेथें हात वर करून, मोठ्यानें, एकाच वेळीं सर्वजण प्रार्थना करतात. कोणी अनोळखी भाषांत बोलतात. आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते. आणि देवानें आपणांस कसें सोडविलें याची साक्ष सामान्य स्त्रीपुरुष उभे राहून देतात. हें सारें अमेरिकेंतून आलेलें खूळ आहे असें कित्येक समजतात. परंतु केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत १९०५ साली असेंच जागरण झालें होतें. लॉस एंजलिस येथील प्रसिद्ध जागरण त्याच्या पुढल्या वर्षीचें, म्हणजे १९०६ चें, आहे.

येथवर वर्णन झालें. आतां त्यावरून काय घ्यावयाचें तें पाहूं. कोणी शब्द जपला, कोणी गूढता जपली, कोणी मौन, कोणी दानधर्म, कोणी उत्साह. जस्टिनच्या वर्णनांतील एकेक अंग एकेका घरीं विशेष पोसलेलें दिसतें. आमच्या घरीं सर्व अंगें आहेत, असें आपण कॅथलिक म्हणतों, व श्रद्धेनें म्हणतों. परंतु भांडारांत असणें निराळें व ताटांत वाढलें जाणें निराळें. उपदेश संपल्यावर येणारा व अंतिम आशीर्वादापूर्वीं निघून जाणारा मनुष्य प्रॉटेस्टंट शेजाऱ्यास शब्दाविषयीं काय शिकविणार? ज्या घरांत पवित्र शास्त्र कपाटांतच राहतें, त्या घरांतील मुलगा इतरत्र गेला तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आपणांस कितपत राहतो? तो तिकडे गेला तो बहुधा सिद्धांत तपासून गेला नाहीं. तेथें त्यास कोणीतरी नांवानें हांक मारली व त्याच्या दुःखाकरितां मोठ्यानें प्रार्थना केली, म्हणून गेला. त्यास परत आणावयाचें असेल तर आपल्या देवळाच्या दारांतही त्याचें नांव ठाऊक असणारें कोणी असलें पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १९१७ च्या धर्मनियमांत कॅथलिकेतरांच्या उपासनेंत भाग घेण्यास मनाई होती. १९६४ साली परिषदेनें ऐक्याविषयीं आदेश काढला, बाप्तिस्म्यानें आपण एकमेकांचे बंधु आहों असें मान्य केलें, व एकत्र प्रार्थनेस उत्तेजन दिलें. परंतु एका वेदीवरचा प्रसाद आजही आपण सर्वांनीं मिळून घेत नाहीं. कारण आपल्या श्रद्धेप्रमाणें तो प्रसाद म्हणजे साक्षात्‌ प्रभु, व तो एकत्र घेणें म्हणजे पूर्ण ऐक्याची ग्वाही; जें ऐक्य अजून झालें नाहीं त्याची ग्वाही देणें सत्यास धरून होत नाहीं. विशेष अडचणीच्या प्रसंगांकरितां धर्मसभेनें कांहीं अपवाद ठेविले आहेत. ते ज्यानें त्यानें धर्मगुरूंस विचारून समजून घ्यावे. नियम योग्य आहे. पण तो सांगतांना आपला आवाज कठोर होऊं नये. ज्या घरांत पति एका मंडळीचा व पत्नी दुसऱ्या मंडळीची आहे, तीं दोघें एका बाकावर बसतात, एकच प्रभुची प्रार्थना म्हणतात, आणि प्रसादाच्या वेळीं एक उठतें व एक बसून राहतें. त्या बसून राहिलेल्या माणसाकडे वळून पाहणाऱ्या नजरा ही दुसरी जखम होय. ती तरी आपण देऊं नये.

म्हणून माझी विनंति तीन गोष्टींची आहे. कोणत्याही ख्रिस्ती मंदिरांत लग्नास, अंत्यविधीस अथवा पाहुणे म्हणून गेलांत तर आदरानें बसा; तेथील लोक उठतात तेव्हां उठा, गातात तेव्हां श्रद्धेस बाध न येईल तें गा, प्रसाद मात्र घेऊं नका; आणि घरीं येऊन थट्टा करूं नका. त्याचप्रमाणें आपल्या देवळांत आलेल्या पाहुण्यास शेवटच्या बाकावर एकटा सोडूं नका. त्याच्या शेजारीं बसून पुढें काय होणार तें हळूच सांगा. तिसरें, दर वर्षीं १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याकरितां प्रार्थनेचा सप्ताह असतो. तो १९०८ पासून पाळला जात आहे. या महोत्सवी वर्षापासून त्यांतील निदान एक संध्याकाळ आपण शेजारच्या मंडळींस गांवच्या क्रुसापाशीं बोलावूं या. लदीन आपली, अभंग त्यांचे. वेदी जोंवर एक नाहीं तोंवर अंगण तरी एक असावें.

ज्यानें मरणाच्या पूर्वरात्रीं आपल्या शिष्यांच्या ऐक्याकरितां पित्याजवळ प्रार्थना केली, तो प्रभु ती प्रार्थना आपल्या धर्मग्रामांत सफल करो, एवढेंच मागणें.