किल्ली कुणाच्या हातात?

(कांदिवलीत तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, मला विषय दिला आहे ‘पडझड झालेल्या वस्त्यांचं पुनरुज्जीवन’. विषय जड वाटतो, पण तुमच्यापैकी अर्ध्याअधिक जणांच्या घरी तो रोज रात्री जेवताना निघत असणार. बिल्डर कधी येणार, मीटिंगला कोण गेलं होतं, आपलं नाव यादीत आहे का, भाडं किती मिळणार? हाच तो विषय. आज मी त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. नवी इमारत उभी राहते तेव्हा तिची किल्ली कुणाच्या हातात जाते?

सुरुवात जरा लांबून करते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. १९५० साली तिथे सुमारे ५ लाख ८० हजार लोक राहत होते. २०१० पर्यंत त्यांतले निम्म्याहून कमी उरले, सुमारे २ लाख ६१ हजार. कारण कारखाने गेले. १९८२ च्या डिसेंबरात शेजारच्या लॅकवाना गावातला पोलादाचा प्रचंड कारखाना बहुतांशी बंद करण्याची घोषणा झाली. १९८२ हे साल आपल्याकडेही लक्षात आहे. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची घरं हलली. लालबाग-परळमधून कितीतरी कुटुंबं उपनगरांत आली, काही आपल्या कांदिवली-बोरिवलीतही.

बफेलोत घरं ओस पडली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. मग तिथे नवे लोक आले. त्यांत न्यूयॉर्कहून आलेले बांगलादेशी होते, सोमालिया आणि म्यानमारमधून आलेले निर्वासित होते. पडकी घरं स्वस्तात घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली, किराण्याची दुकानं काढली. रिकाम्या पडलेल्या काही चर्चच्या इमारतींत मशिदी आल्या. २०२० च्या जनगणनेत सत्तर वर्षांनी पहिल्यांदा त्या शहराची लोकसंख्या वाढलेली दिसली.

हे ऐकून छाती फुगवू नका. ‘आपल्या लोकांनी शहर वाचवलं’ एवढंच सांगून थांबायचं असतं तर मी आले नसते. त्यात आपल्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे. त्या लोकांनी घरावर पैसा आणि कष्ट ओतले, कारण घर त्यांच्या नावावर होतं. उद्या कोणी काढणार नाही ही खात्री असली की माणूस छप्पर दुरुस्त करतो, दारात कुंडी ठेवतो, शेजाऱ्याशी भांडलं तरी पुन्हा बोलतो.

बफेलोत घरं होती आणि माणसं नव्हती. आपल्याकडे माणसं आहेत आणि घरं नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. पण नावाचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. आणि तो समजून घ्यायला अमेरिकेत जायची गरज नाही, इथून रिक्षाने चारकोपला गेलं तरी पुरे.

चारकोपच्या सेक्टरांमधून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. मधे छोटा चौक, भोवती खेटून बसलेली बैठी आणि एक-दोन मजली घरं, चौकात मुलं खेळतायत, कुणाच्या तळमजल्यावर शिलाईचं दुकान. ही वसाहत आपोआप झालेली नाही. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात सरकारने तयार घरं बांधून दिली नाहीत. जमिनीची आखणी केली. रस्ते, पाणी, गटारं, दिवे आधी आणले, शाळा-बाजाराला जागा सोडली आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पंचवीस-तीस चौरस मीटरच्या आसपासचे छोटे भूखंड दिले. तीस-पस्तीस भूखंडांचा एक गट, मधे सामाईक चौक आणि गटाची मिळून एक सहकारी संस्था. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. आज एक खोली, बोनस मिळाला की स्लॅब, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला.

असल्या योजना त्या काळी फसल्या असं मानलं गेलं आणि जगभर त्या मागे पडल्या. पुढे अभ्यासकांनी मुंबई-चेन्नईतल्या अशा वसाहती वीस वर्षांनंतर पुन्हा जाऊन पाहिल्या, तेव्हा त्या चांगल्या नांदत्या वस्त्या झालेल्या आढळल्या. चारकोपमध्येही सगळं गोड नाही. कित्येक मूळ मालक भूखंड विकून निघून गेले. पण जे राहिले त्यांच्या दोन पिढ्या तिथे उभ्या राहिल्या. नाव आधी मिळालं, भिंत नंतर आली.

१९९५ नंतर आपण उलटा रस्ता धरला. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, त्या वर्षी स्थापन झालं. पाच वर्षांत आठ लाख मोफत घरं, चाळीस लाख लोकांचं पुनर्वसन, असं आश्वासन होतं. तीस वर्षं झाली, तो आकडा अजून गाठलेला नाही. योजना कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी उजळणी करू. बिल्डर झोपडीधारकांना फुकट घर बांधून देतो आणि त्या बदल्यात त्याला विक्रीसाठी जादा बांधकाम मिळतं. घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. संमती आधी ७० टक्के लागत असे, ती पुढे ५१ टक्क्यांवर आणली. पात्र कोण, हे ‘परिशिष्ट-२’ नावाच्या यादीवर ठरतं. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यांना घर मोफत, त्यानंतर २०११ च्या सुरुवातीपर्यंत आलेल्यांना पैसे भरून, त्यापुढचे अपात्र.

म्हणजे तुमचं सगळं आयुष्य दोन-तीन कागदांवर लटकलेलं असतं. फोटोपास, जुनी मतदार यादी, वीजबिल, रेशनकार्ड. ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागली, गॅसचे सिलिंडर फुटत गेले, शेकडो घरांची राख झाली. तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील. भांडी-कपडे जळाले की लोक मदत करतात, भांडी परत येतात. कागद जळाला की आपण इथे राहत होतो हेच पुन्हा सिद्ध करत बसावं लागतं.

आता माझ्या खालाची गोष्ट सांगते.

खाला पोयसर नदीच्या काठच्या वस्तीत राहायची. लग्न होऊन आली तेव्हा ताडपत्री आणि बांबू होते. विटांची भिंत तिने मणी ओवण्याच्या कामातून उभी केली. २००५ च्या २६ जुलैला पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा तिने आधी मुलं शेजारच्या माळ्यावर चढवली आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद काढले. वस्तीतल्या बहुतेक बायकांनी तेच केलं. पण त्या पिशवीतल्या एकाही कागदावर घराच्या संदर्भात खालाचं नाव नव्हतं. फोटोपास खालूजानच्या नावावर, वीजबिल खालूजानच्या नावावर.

पुढे योजना आली. संमतीपत्रावर खालूजानची सही झाली. परिशिष्ट-२ लागलं, त्यात खालूजानचं नाव आलं. मोहल्ल्यात पेढे वाटले, खालाने स्वतः वाटले. सगळे भाड्याच्या खोल्यांत गेले. इमारतीचे खांब वर यायला लागले त्या वर्षी, २००९ साली, खालूजानने एका रात्री तीनदा तलाक म्हटलं आणि खाला दोन मुलींना घेऊन आमच्या घरी आली.

नियम काय सांगतो? पुनर्वसनाचं घर पती आणि पत्नी दोघांच्या संयुक्त मालकीचं. नियम चांगला आहे. पाळलाही गेला. किल्ली मिळाली तेव्हा कागदावर पत्नीचं नाव लागलं. फक्त पत्नी दुसरी होती.

मी त्या दुसऱ्या बाईला दोष देत नाही. ती बिचारी कुठल्या परिस्थितीत आली असेल, तिचं तिला माहीत. पण विटा जिच्या होत्या ती आज नालासोपाऱ्यात भाड्याने राहते आणि पहाटेची लोकल पकडून इकडे स्वयंपाकाच्या कामाला येते. ज्या इमारतीत तिचं घर असायला हवं होतं, तिच्या समोरून रोज जाते.

मला टोचते ती गोष्ट पुढची. २००९ साली कायदा खालाच्या बाजूने होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात सांगितलं होतं की तलाकला रास्त कारण लागतं आणि आधी समेटाचा प्रयत्न झालेला असावा लागतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद इथल्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात तेच म्हटलं होतं. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क देतो. म्हणजे खाला न्यायालयात गेली असती तर त्या तलाकला आव्हान देता आलं असतं, घराचं वाटप थांबवायला सांगता आलं असतं. तिला हे कुणी सांगितलं? कुणीच नाही. आमच्या घरच्यांनी तिला मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे नेलं. ते म्हणाले, हो गया सो हो गया, सब्र कर. तेच बुजुर्ग सोसायटीच्या कमिटीवर होते. २०१७ साली तिहेरी तलाक बेकायदा ठरला तेव्हा मी टीव्हीसमोर रडले. खालाने एवढंच विचारलं, “आता घर मिळेल का?”

मागच्या सत्रात एका मुलाने विचारलं, “बाजी, आम्हाला चांगल्या सोसायटीत नाव ऐकूनच घर नाकारतात, त्याचं काय?” खरं आहे ते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही घर घेताना आणि भाड्याने मिळवताना मुसलमानांना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. दारं बंद झाली की लोक त्याच त्या गल्ल्यांत दाटत जातात, आणि दाटलेल्या गल्लीकडे पालिकेची झाडूगाडीही उशिरा येते. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, तक्रार केली पाहिजे, लढलं पाहिजे. पण बेटा, बाहेरच्या सोसायटीने तुझं नाव बघून दार लावलं, तसंच आपल्या सोसायटीने खालाचं नाव न बघता लावलं. एका अन्यायाचा राग यायचा आणि दुसऱ्याला सब्र म्हणायचं, हे मला जमत नाही.

आणखी एक. इमारत मिळाली म्हणजे वस्ती सावरली असं नसतं. गोवंडी-मानखुर्दकडे प्रकल्पबाधितांसाठी इमारतीला इमारत खेटून वसाहती बांधल्या. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिथे क्षयरोग आणि घरांची रचना यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. पुनर्वसनाच्या कितीतरी इमारतींत लिफ्ट बंद आहे, कारण देखभालीचे पैसे गोळा होत नाहीत, आणि पैसे गोळा होत नाहीत कारण हिशेब कुणी दाखवत नाही. आपल्याकडे मशिदीला रंग द्यायचा म्हटलं तर आठवड्यात वर्गणी जमते. छान गोष्ट आहे, जमू दे. पण पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी तीच माणसं दार उघडत नाहीत. टाकीचं पाणी आपण वजूलाच वापरतो ना?

तर करायचं काय? मोठी भाषणं नकोत, चार कामं सांगते. ती घरी गेल्यावर सुरू करता येतील.

पहिलं, वस्तीत योजना चालू असेल तर परिशिष्ट-२ मागा आणि स्वतः वाचा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. तुमच्यातले सगळे मोबाइलवर अर्ज भरता, मग यादी वाचायला दुसऱ्यावर का सोडता?

दुसरं, घरातले कागद काढा आणि आईचं नाव कशाकशावर आहे ते बघा. रेशनकार्ड, वीजबिल, बँकेचं खातं. नसेल तर आत्ता घाला. भांडण झाल्यावर कुणी घालत नाही. सगळ्या कागदांच्या प्रती करून दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.

तिसरं, सोसायटीच्या सभेला जा. सहकार कायद्याप्रमाणे कमिटीवर बायकांसाठी जागा राखीव आहेत. त्या जागी सेक्रेटरीची बायको नुसती सहीपुरती बसली असेल तर विचारा की सभेला ती स्वतः का येत नाही. हिशेब मागा. नम्रपणे मागा, पण लेखी मागा.

चौथं, वस्तीतल्या कुठल्याही बाईला घराबाहेर काढलं तर त्याच आठवड्यात तिला वकिलाकडे किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. बायकांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. बुजुर्गांकडे जायचं तर नंतर जा.

आपल्या आंदोलनात आपण तलाक, पोटगी, शिक्षण यांवर बोलतो आणि वस्तीच्या पुनर्विकासावर दुसरे लोक बोलतात. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. ज्या वस्तीत निम्म्या माणसांना आपण इथे किती दिवस आहोत याची खात्री नाही, ती वस्ती काचेची झाली तरी सावरलेली नसते.

खालाची धाकटी मुलगी आज इथे आली आहे. मागच्या रांगेत बसली आहे, नाव घेतलेलं तिला आवडणार नाही. गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं तेव्हा बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना तिने चहा दिला आणि समोर बसून विचारलं, “तुमच्या बिल्डिंगचं काम चालू आहे ना? घराच्या कागदावर माझं नाव कधी लागणार?” पाहुणे गोंधळले. आमची अम्मी कपाळाला हात लावून बसली. खाला मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने मुलीला गप्प केलं नाही.

त्या पाहुण्यांनी पंधरा दिवसांनी होकार कळवला. करारनाम्याची प्रत सोबत पाठवली होती.