दुखणं अंगावर काढू नका
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आजचा दिवस गप्पांचा. तरी डॉक्टर म्हणून पाच मिनिटं मागून घेते. आपल्यात शिक्षक आहेत, आशाताई आहेत, सासू-सासरे झालेलेही आहेत. तुमचं ऐकणारी माणसं गावोगाव आहेत.

खुपऱ्या हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकला असेल. डोळ्यांच्या या आजाराचा जंतू म्हणजे क्लॅमिडिया. पुन्हा पुन्हा लागण झाली की शरीर त्याच्याशी झुंजतं. त्या झुंजीत पापणीच्या आत व्रण पडतात, केस आत वळतात आणि डोळा जातो.

याच जंतूचे दुसरे प्रकार शरीरसंबंधातून पसरतात. बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. काहींना पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं. जंतू गर्भनलिकेत चढला तर तिथंही तेच घडतं. नलिकेच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात. ते फलित बीज गर्भाशयाकडे ढकलतात. जंतूला मारायला आलेल्या पेशी आणि सूज यांमुळे हे तंतूही खराब होतात, नलिका आतून चिकटते. मग बीज वाटेतच अडकून रुजू शकतं. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. नळीतल्या गर्भाला इतरही कारणं असतात, पण हे कारण टाळता येण्यासारखं आहे.

एकदा लागण झाली म्हणून पुढं कायमचं संरक्षण मिळत नाही. उलट दरवेळी इजा वाढू शकते. गोळ्यांनी जंतू मरतो, पडलेला व्रण मात्र जात नाही. म्हणून उपचार लवकर हवा.

आणि नेमकं इथंच घोडं अडतं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची पाहणी केली. 1989 साली ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के! बाकीच्यांनी दुखणं अंगावरच काढलं होतं.

माझं मागणं दोनच गोष्टींचं.

पहिली, उपचार नवरा-बायकोनं बरोबरच घ्यावा, नाहीतर लागण फिरून येते. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तो मोफत मिळतो. ‘कुणामुळे झालं?’ म्हणून घरात भांडू नका. जंतू महिनोन्‌महिने गुपचूप राहतो, लागण कधीची हे तपासणीतून कळत नाही.

दुसरी, पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात दुखतंय, थोडं रक्त जातंय किंवा चक्कर येतेय, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांतून घाट उतरून नंदुरबार गाठण्यातच किती वेळ जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घरी गेल्यावर हे लेकी-सुनांना सांगा, आणि मुलग्यांनाही.