पेशीच्या अभ्यासाची वाट



मूल हुशार निघाले की आपल्या घरांत दोनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर किंवा इंजिनियर. आज आम्ही तिसरी वाट आपणांपुढे ठेवतो. ती म्हणजे पेशीविज्ञान व रेणवीय जीवशास्त्र.

प्रत्येक पेशीत रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारखाने प्रथिने घडवीत असतात. जंतूंचे हे कारखाने बंद पाडूनच कित्येक प्रतिजैविके आपले प्राण वाचवितात. रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन १९७१ साली आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि तेही पदार्थविज्ञानाचे! १९७६ मध्ये डॉक्टरेट घेतल्यावर ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले.

वाट लांब आहे खरी. पदवीची तीन-चार वर्षे, एम.एस्सी.ची दोन, आणि पीएच.डी.ची पाचाच्या आसपास. परंतु सर्वांनी शेवटपर्यंत जावे असे नाही. एम.एस्सी.नंतर रोगनिदानाच्या प्रयोगशाळा, लसी व औषधांचे कारखाने, बियाण्यांचे संशोधन अशी दारे उघडतात. पुढे जाणाऱ्यास नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळू शकते. २०२३ पासून तिची सुरुवातच दरमहा ३७,००० रुपयांनी होते.

म्हणजे खरी ओढाताण एम.एस्सी. होईपर्यंतची. तेवढी वर्षे ट्रस्टच्या शिष्यवृत्तीने सांभाळावीत; आणि "नोकरी कधी? लग्न कधी?" हे प्रश्न घरच्यांनी, विशेषतः मुलींना, थोडे उशिरानेच विचारावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.