परदेशातील वास्तव्य आणि मुलांसह युरोपचा प्रवास

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी नकाशात ऱ्हाईन नदी शोधली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आज बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे जर्मनीत, स्टुटगार्ट शहराजवळ, सहकुटुंब राहिलो. आपल्या भागात घरटी एक तरी माणूस परदेशी आहे. पूर्वी तो आफ्रिकेत वा आखातात असे. आता आपली मुले इंग्लंड-जर्मनीकडेही जाऊ लागली आहेत. तेथे राहत असताना मुलांना युरोप कसा दाखवावा, हा विषय कोणास चैनीचा वाटेल. परंतु या प्रवासांत मी ज्या चुका केल्या, त्यांतून मला बाप म्हणून जे शिकायला मिळाले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटले.

पहिल्याच सुटीत मी सहा दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन अशी चार शहरे नेमली. गावी सांगायला बरे, हा त्यामागचा खरा हेतू. पॅरिसचा लूव्र संग्रहालयाचा दिवस मी ठरवला मंगळवार. लूव्र मंगळवारी बंद असते, हे दारात गेल्यावर कळले. पुढच्या तीन शहरांत आम्ही स्टेशन, सामान आणि खाणावळ यांपलीकडे फारसे काही पाहिले नाही. घरी आल्यावर धाकट्याला विचारले, "काय आवडले?" तो म्हणाला, "स्टेशनातला सरकता जिना." तसा जिना आमच्या गावच्या स्टेशनातही होता!

दुसरी चूक कागदपत्रांची. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसांतील सीमेवरची तपासणी उठविण्याचा करार केला व १९९५ पासून तो अमलात आला. आज त्यात २९ देश आहेत. यांपैकी एका देशाचा वास्तव्य परवाना आणि चालू पासपोर्ट हाती असला, की इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. मात्र ब्रिटन आणि आयर्लंड या करारात नाहीत. मी समजलो, लंडन युरोपातच आहे! पाच जणांची विमानाची तिकिटे काढली आणि मग कळले की आम्हां भारतीय पासपोर्टवाल्यांना तेथे जाण्यास वेगळा व्हिसा हवा. तिकिटांचे पैसे बुडाले. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावे. भारतीय पासपोर्ट असेल, तर तेथील परवान्यावर पॅरिसला जाता येत नाही. शेंगेनचा व्हिसा घ्यावा लागतो. शिवाय लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षे चालतो. तिकिटाआधी घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टवरील व परवान्यावरील तारीख पाहावी.

तिसरी गोष्ट मी पालकांना विशेष आग्रहाने सांगतो. जर्मनीत प्रत्येक राज्याच्या शाळांना उन्हाळ्याची सुमारे सहा आठवडे सुटी असते. पण सर्व राज्यांची एकदम नसते. रस्ते व गाड्या तुंबू नयेत म्हणून तारखा मागेपुढे ठेवतात. आमच्या राज्याची सुटी जुलैअखेर सुरू होई. सुटीच्या पहिल्या शनिवारी भाडे फार चढते, म्हणून मी मुलीच्या वर्गशिक्षिकेकडे दोन दिवस आधीची रजा मागितली. बाईंनी नकार दिला. तेथे विनापरवानगी मूल शाळेतून काढले तर पालकांना दंड होऊ शकतो. मी म्हणालो, "दोन दिवसांनी काय बिघडते?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अभ्यासाचे फार बिघडणार नाही. पण शाळा आपल्या सोयीने असते, असे मुलगी शिकेल."

मला राग आला. रात्री मात्र झोप लागेना. आपल्याकडे लग्नसराई आली, वडील आखातातून रजेवर आले, की मूल आठ-आठ दिवस शाळेत दिसत नाही. मीही त्यातलाच होतो. त्या वर्षी आम्ही सुटी लागल्यावर, पहिला शनिवार सोडून मंगळवारी निघालो. भाडेही कमी पडले.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. एका सुटीत एकच मुक्काम, आणि तेथून रोज सकाळी जाऊन संध्याकाळी परत. बेत मुलांनी करायचा. थोरलीकडे गाड्यांचे वेळापत्रक आणि प्रेक्षणीय स्थळांचे बंद वार. मधल्याकडे खर्चाची वही. धाकट्याकडे डाग मोजण्याचे काम. रोजची रक्कम ठरलेली. आइस्क्रीम जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी ट्रामऐवजी पायी. वही मुलाच्याच हाती असल्याने हट्ट आपोआप कमी झाला.

खर्चाच्या दोन सोयी सांगतो. १९७२ पासून युरोपात 'इंटररेल' नावाचा रेल्वेचा पास मिळतो. युरोपचे नागरिकच नव्हे, तर तेथे कायदेशीरपणे राहणारा भारतीयही तो घेऊ शकतो. एका प्रौढाच्या पासावर अकरा वर्षांपर्यंतची दोन मुले फुकट जातात. मात्र त्यांचाही पास काढून ठेवावा लागतो. फ्रान्स व स्पेनच्या वेगवान गाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात, म्हणून वेळ असेल तर साध्या गाडीने जावे. दुसरी सोय युवक वसतिगृहांची. त्यांत कुटुंबासाठीही खोल्या असतात. यांचा जनक रिखार्ड शिरमान हा एक शाळामास्तर. १९०९ साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळी पावसात सापडला आणि एका शाळेच्या इमारतीत रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना असा आसरा का मिळू नये, या विचारातून ही चळवळ निघाली आणि १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह झाले. खाण्याचा प्रश्न आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेऊन सोडवला. डाळ, तांदूळ आणि मसाल्याचा डबा बरोबर. मासळी तेथल्या बाजारात.

या रीतीने केलेली स्ट्रासबुर्गची सहल मी विसरणार नाही. ऱ्हाईनच्या अलीकडे जर्मनीतील केल, पलीकडे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग. २०१७ पासून दोन्हींमध्ये पुलावरून ट्राम धावते. पूल ओलांडताना थोरलीने विचारले, "सीमा कुठे आहे?" तिला दाखवायला काही नव्हते. मग मी तिला सांगितले की हे शहर १८७१ साली जर्मनीकडे गेले, १९१८ साली फ्रान्सकडे परत आले, १९४० साली पुन्हा जर्मनीने घेतले आणि १९४४ साली पुन्हा फ्रान्सचे झाले. जागेवरून न हलता एखाद्या म्हाताऱ्याने चार वेळा देश बदलला असेल. आता त्याच पुलावरून बायका भाजी आणायला जातात. इतिहासाच्या पुस्तकातले दहा धडे तिला त्या पाच मिनिटांत कळले असावेत. अर्थात पासपोर्ट जवळ हवाच. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली होती.

इतके करूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती माझ्या आईने आणून दिली. सलग तीन वर्षे आम्ही सुट्या युरोपात घालविल्या. फोनवर ती म्हणाली, "पोरांना जग दाखवतोस ते बरं आहे, बाबा. पण त्यांनी मला ओळखायचं कधी?" मी निरुत्तर झालो. त्यानंतर एक उन्हाळा आड आम्ही गावी येऊ लागलो. पहिल्या वेळी धाकटा आजीशी बोलताना जर्मन शब्दांवर अडत होता. दुसऱ्या वेळी तो तिच्याबरोबर पावसात शेताच्या बांधावर फिरत होता. आज ती हयात नाही. ते दोन उन्हाळे हातचे गेले असते, तर कोणत्या शहराने ते मला भरून दिले असते?

पालकहो, परदेशी जाण्याचा योग सर्वांना येत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. मुरूड-जंजिऱ्याची एक दिवसाची सहल करा. पण होडीची वेळ, भाडे आणि शिदोरी मुलांना ठरवू द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे उद्या बाहेर जातील, त्यांनी कागदपत्रे चोख ठेवावीत, शाळा बुडवू नये, थोडे पाहावे पण नीट पाहावे, आणि सुट्यांचा हिशेब मांडताना त्यात गावाचे पान आधी घालावे.



जय हिंद, जय महाराष्ट्र.