टेन्शन पेपरचं की तारखेचं?

नागपूरहून बोलतोय.

आपल्याकडे कोणी "टेन्शन आलंय" म्हटलं की समोरचा विचारतो, "कायचं बे?" आणि आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो. पेपरचं. पैशाचं. खरं तर ते इतकं सरळ नसतं.

11 मार्च 2021 आठवा. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली होती. मुळात ती 5 एप्रिल 2020 ला व्हायची होती, कोरोनामुळे सरकत सरकत 14 मार्चपर्यंत आली. त्या दिवशी ती पुन्हा पुढे ढकलली. पुण्यात, इकडे नागपुरात पोरं रस्त्यावर उतरली. वरून त्याच दिवशी नागपुरात 15 ते 21 मार्चचं लॉकडाऊन जाहीर झालं! मग नवी तारीख आली, 21 मार्च. म्हणजे फरक फक्त सात दिवसांचा. मग एवढा भडका कशाचा?

2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. 45 जणांना कॉम्प्युटरवर खेळ दिला: दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखा. साप निघाला की हाताला शॉक. सगळ्यात जास्त ताण कधी आला? शॉक नक्की बसणार होता तेव्हा नाही. बसेल की नाही, पन्नास-पन्नास टक्के होतं तेव्हा!

पोरांचं तेच झालं होतं. पेपरचा ताण वेगळा, तारखेच्या अनिश्चिततेचा वेगळा. त्यात खोलीभाडं, मेसचे पैसे, वाढतं वय. माझा एक मित्र म्हणायचा, पेपरची भीती पेपरपुरती; खरा घाम आईच्या फोनला फुटतो. "झाला का रे पेपर?" एवढंच विचारायची बिचारी.

म्हणून ताण आला की एक कागद घ्या आणि तो कशाकशाचा आहे ते वेगवेगळं लिहा. कारण उपाय वेगळे असतात. तारीख आपल्या हातात नाही, आजचा धडा आहे. भाड्यासाठी घरमालकाशी बोलावंच लागतं. "दीर्घ श्वास घ्या" सांगणारं रील काही भाडं भरत नाही. आईला मात्र एकदा नीट समजावून सांगता येतं. माझ्या मित्राने सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आधी कायले नाही सांगितलं?"

आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर कागदावर थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. आत्ताच सेव्ह करून ठेवा.