वेल्समधील शेतजमिनीची खरेदी

वेल्सच्या डोंगराळ मुलखांत एक जुनी समजूत होती. गांवच्या सामायिक माळावर सूर्यास्तानंतर घर बांधावयास घ्यावें, आणि उजाडण्यापूर्वीं त्याच्या धुराड्यांतून धूर निघाला तर तें घर बांधणाराचें झालें. मग त्यानें दारांत उभें राहून कुऱ्हाड फेकावी. ती जेथें पडेल तेथपर्यंत त्याचें कुंपण. अशा घरास वेल्श भाषेंत ‘टी इन्नोस’, म्हणजे एका रात्रीचें घर, असें नांव होतें. या समजुतीस कायद्याचा आधार नव्हता. तरी जमीन नसलेल्या कुटुंबांनीं तिच्या भरंवशावर घरें उभारलीं.

आज शहरांतील एखादें जोडपें आयुष्याची शिल्लक घेऊन त्याच मुलखांत चार-पांच एकर घेण्यास निघतें, तेव्हां त्याच्याहि मनांत तशीच एक समजूत असते. जमीन आपली झाली कीं घर आपल्या मर्जीचें! परंतु इ. स. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजनाच्या कायद्यापासून जमिनीचा मालक कोण, आणि तीवर इमारत उठवावी कीं नाहीं हें ठरविणारा कोण, हे दोन प्रश्न निराळे झाले आहेत. मालकास नांगर धरतां येतो, मेंढ्या चारतां येतात. पण घर बांधावयास, किंवा चाकांवरची खोली आणून तींत कायमचें बिऱ्हाड करावयास, स्थानिक संस्थेची परवानगी लागते. उघड्या रानांत ती सहसा मिळत नाहीं. परवानगीवांचून घर बांधल्यास तें पाडण्याचा हुकूम निघूं शकतो. मग जमीन हातीं राहते, पण निवारा जातो आणि शिल्लकहि जाते.

खरेदीच्या रीतींतहि सावधपणा हवा. खाजगी सौद्यांत करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणाहि पक्षास मागें फिरतां येतें. लिलांवांत मात्र हातोडा पडला कीं करार पुरा झाला. साधारणतः किंमतीचा दहावा हिस्सा तेथेंच भरावा लागतो. तेव्हां वकिलाकडून कागद तपासून घ्यावयाचे ते लिलांवापूर्वींच.

कागदांत काय पाहावें? नोंदणी-कचेरीच्या नकाशावरील तांबडी रेघ बहुधा सर्वसाधारण हद्दच दाखविते. बांध नेमका कोणाचा, हें तीवरून ठरत नाहीं. शेतांतून सार्वजनिक पायवाट जात असेल, तर नव्या मालकास ती आपल्या मर्जीनें बुजवितां येत नाहीं. सामायिक डोंगरावर मेंढ्या चारण्याचा हक्क शेताबरोबर येतो काय, व किती मेंढ्यांचा, हें इ. स. १९६५ च्या कायद्यानें सुरू झालेल्या नोंदवहींत पाहावें. रस्त्यापासून शेतापर्यंत गाडी नेण्याचा हक्क आहे, कीं ती शेजाऱ्याची केवळ मेहेरबानी आहे, हेंहि विचारावें.

एक गोष्ट मात्र शेताच्या नांवांतच लिहिलेली असते. ‘गोर्स’ म्हणजे दलदल. ‘वाउन’ म्हणजे ओलसर माळ. जूनमध्यें हिरवेंगार दिसणारें असलें कुरण जानेवारींत पाय रुतविणारें निघतें. म्हणून शेत हिवाळ्यांत पाहावें, आणि नांवाचा अर्थ तेथील वेल्श बोलणाऱ्या शेतकऱ्यास विचारावा. त्या प्रश्नानें ओळखहि होते.

मग रानांत घर करण्यास वाटच नाहीं काय? एक अवघड वाट आहे. पेम्ब्रोकशायरमधील टिर-अ-गावेल येथें नऊ घरांच्या वसाहतीस इ. स. २००९ मध्यें, आधींच्या नकारानंतर, अपिलांत परवानगी मिळाली. पुढील वर्षीं वेल्स सरकारनें सर्व प्रांतासाठीं ‘वन प्लॅनेट डेव्हलपमेंट’ हें धोरण जाहीर केलें. त्याप्रमाणें रानांत राहूं इच्छिणारानें अन्न, उत्पन्न व ऊर्जा यांच्या किमान गरजा फार तर पांच वर्षांत त्याच जमिनींतून भागवाव्या लागतात. त्यासाठीं आधीं सविस्तर आराखडा द्यावा लागतो, आणि पुढें दरसाल अहवाल.

जुन्या समजुतीप्रमाणें एका रात्रींत धूर निघाला कीं पुरे होत असे. आतां त्या धुराचा हक्क मिळविण्यास पांच वर्षें राबावें लागतें. ज्यास तेवढें राबावयाचें नसेल, त्यानें त्या रानांत पाहुणा म्हणून जावें, पायवाटेनें हिंडावें आणि आपली शिल्लक शाबूत ठेवून परत यावें.